टोप आला, पण दुसराच

मंडळातल्या बायांनो, आजची फजिती सांगते. हसा खुशाल.

बोटीवर असलेल्या माझ्या मुलाचा निरोप होता, "आयेक सांगा, मोठो टोप धाडतंय." मला वाटलं, जेवणाचा टोप! म्हणजे जत्रेला स्वारी मित्रांना घेऊन येणार. एकटीच्या पेजेला मूठभर तांदूळ घेणारी मी, पण पायलीभर निवडून ठेवले.

आज त्याचा सोबती खोका घेऊन आला. आत प्लास्टिकचे तुकडे, गोंद आणि सोनेरी रंग.

"मावशे, जत्रेतल्या दशावतारी नाटकातल्या राजाचो टोप हो. जोडून रंगव, सांगल्यान."

"आणि तो खंय?"

"रजा मिळाक नाय गो, येवचो नाय तो."

देवाचं काम म्हणून दुपारभर बसून जोडला, रंगवला. मापाला घरात दुसरं डोकं नव्हतं. सुकल्यावर माझ्याच डोक्यावर चढवला. तेवढ्यात शेजारीण दारात. "गो, राज्य खंयचा तुझा?" दोघी पोट धरून हसलो.

ती गेल्यावर तांदूळ परत कणगीत ओतायला उचलले, पण हात धजेना.

जत्रेदिवशी तुमच्यापैकी कोण एकटी असेल? जेवायला याल का माझ्याकडे? मोठा टोप शेजारणीकडून मागून आणीन.