खडकाखालची जागा

कारंज्याकडच्या एका तलावाच्या पूर्व काठावर विमलबाईचं शेत संपतं आणि काळा खडक सुरू होतो. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की ती खडकावरून खाली उतरते आणि उघड्या पडलेल्या गाळात काकड्या-टरबुजं लावते. दुपारची भाकर खडकाच्या पोटाशी, सावलीला बसून खाते.

तलाव नवा होता तेव्हा त्या सावलीत तिची पाण्याची कळशी तेवढी मावायची. मग कधीतरी पाय आत गेले. सून सपना घरात आली त्या उन्हाळ्यात दोघी पाठ टेकून बसल्या. यंदा तर विमलबाई आडवी झाली, पाय लांब केले, तरी ऊन लागलं नाही.

जागा वाढते कशी, याचं तिला नवल वाटे. तिनं बोटानं उकरून पाहिलं होतं. वरचा दगड काळा, पण त्याच्याखाली हातभर जाडीचा लाल थर, भिजलेल्या कच्च्या विटेसारखा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. तो अख्ख्या तलावावरून लाटा ढकलत आणतो आणि इथंच आपटतो. लाटा येताना गोटे आणून फेकतात, जाताना लाल माती घेऊन जातात. समोरचा काठ मात्र निवांत. काळ्या दगडालाही ऊन-पावसानं भेगा पडलेल्या. जागोजागी कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आणि तिच्या मुलानं, प्रसेनजितनं, तलावातून पाणी ओढणाऱ्या मोटारीची खोली नेमकी त्या खडकावर बांधायला काढली. विटा पडल्या, सिमेंट आलं. एकदा बांधलेली खोली पुन्हा बांधण्याइतकी ऐपत घरात नव्हती. रामधन मिस्त्रीनं खडकावर हातोडा मारला, आवाज खणखणीत आला, तशी त्यानं चुन्याची फक्की टाकून खोलीची आखणी केली.

विमलबाई म्हणाली, खोली मागं घ्या. मागं तर मुरूम आहे, रामधन हसला. काळा दगड सोडून मुरमावर कोण बांधतं? प्रसेनजितला वाढणाऱ्या पाइपाची काळजी.

“माय, तुले कायचा भेव वाटून राह्यला?”

“भेव नाई. तू वरून पाह्यतं, मी खालून पाह्यते. एकडाव खाली चाल.”

तो कुरकुरत उतरला. तिनं राखणीच्या खोपीचा एक लांब बांबू उपसून त्याच्या हाती दिला आणि आत सारायला सांगितलं. प्रसेनजित गुडघ्यावर बसला, मग पोटावर पडला. बांबू आत जात राहिला. शेवटी मुठीपुरता उरला. बाहेर काढला तेव्हा टोकाला लाल चिखल होता.

तोच बांबू वर नेऊन तिनं खडकाच्या कडेपासून आडवा टाकला. तो फक्कीच्या रेघेवरून गेला आणि अर्धी खोली ओलांडून थांबला.

आवाज तर पक्का होता, रामधन पुटपुटला.

“दगड पक्काच हाये भाऊ,” विमलबाई म्हणाली, “पन तो बसला कायच्यावर?”

रामधननं पायानं रेघ पुसली. खोली चाळीस पावलं मागं, मुरमावर उभी राहिली. पाया खोल घ्यावा लागला, पाइपही जास्त गेला.

पावसाळा आला, तलाव भरला. खडक जागच्या जागी. प्रसेनजित जेवताना आईला चिडवायचा, तुझा खडक अजून मजेत आहे म्हणून. सपना हसायची. विमलबाईही हसायची, खडक आजच पडावा असं तिचं कुठं म्हणणं होतं?

श्रावणातल्या एका दुपारी वारा सुटला. प्रसेनजित मोटार पाहायला गेला तो लवकर परतला नाही, म्हणून विमलबाई शेतात आली. तो खोलीच्या पुढं, खडक सुरू होतो तिथं, ओल्या गवतावर पालथा पडून जमिनीला कान लावून होता. तिला पाहून त्यानं हातानंच बोलावलं.

तीही वाकली. लाट खाली आत शिरली की जमिनीतून बोदा, जड धक्का यायचा. मग माती ओढत पाणी परत जायचं.

“माय, हे असं किती वर्सांपासून वाजून राह्यलं?”

“तिकडे कडेले आधीपासून वाजे,” ती म्हणाली. “इथं यंदाच आयकू आलं.”

प्रसेनजितनं मागं वळून खोलीपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग कान पुन्हा जमिनीला लावला.