खालच्या मजल्यावरचे काका

“तुमची मुलगी बोलते ना हो?” खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात आईला विचारत होते. मी वर, दाराआड, गप्प उभी.

अडकलेली गोष्ट पुढे सरकवल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही असा माणूस आमच्या सरकारी क्वार्टरांच्या लक्ष्मीबाई नगरात काका हे एकच, आणि त्या वर्षी त्यांना अडकलेली सापडली ती मी. काका केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. निम्मी नोकरी एका आजारी सरकारी कारखान्याच्या फाइलीत गेलेली. मी विद्यापीठात कॉर्पोरेट फायनान्सचा वरच्या पातळीचा पेपर घेतलाय हे कळताच त्यांनी माझ्या नोट्स मागवल्या, भोक पाडून फाइलीचा टॅग ओवला, पानांना आकडे घातले आणि कडेला पेन्सिलीनं लिहून परत पाठवल्या : ‘कृपया बोला.’ साहेबाला टिपण कळलं नाही की तो म्हणे एवढंच लिहितो. मग लिहिणाऱ्यानं समोर जाऊन तोंडानं समजवायचं.

त्यामुळे रोज संध्याकाळी मी त्यांच्या दिवाणावर. समोर काका, बाजूला मटार सोलणाऱ्या काकू. माझं शिक्षण इंग्रजीतून, मराठी शब्द संपले की इंग्रजी यायचं, नाहीतर हिंदी. “इंग्रजी नको. हिला कळलं पाहिजे,” काका म्हणायचे. काकू मान वर न करता म्हणायच्या, “मला केव्हाच कळलं. तुमचंच अडलंय.”

एकदा मी सांगितलं, की कंपनीची किंमत काढायची तर पाच वर्षांचा अंदाज बांधायचा आणि त्यापुढे कंपनी कायम अमुक टक्क्यांनी वाढत राहील असं धरायचं. काकांनी चष्मा काढला.

“कायम? अगं, आमचा कारखाना सरकार विकायला निघालंय, आणि तुमच्या कंपन्या अमर?”

मी हसले. ते हसले नाहीत. “त्या कारखान्याचं पहिलं टिपण माझंच. दहा वर्षांत उत्पादन दुप्पट, असं लिहिलं होतं. होणार नाही हे माहीत होतं. साहेबांना हवं होतं, म्हणून गप्प बसलो.” काकूंचे हात थांबले होते.

उन्हाळ्यात काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडून साताऱ्याला गेले. जिना फार शांत झाला.

पुढच्या महिन्यात आमच्या गटाचं, एका कंपनीची किंमत काढून दाखवायचं, सादरीकरण होतं. गुण सगळ्या गटाला मिळून, आणि त्यांवरच गुडगावच्या नव्या कंपन्यांतल्या मुलाखती ठरायच्या. आकडेमोड माझी, बोलणं गटप्रमुखाचं. मी कायमची वाढ आठ टक्के धरली होती. पडद्यावर पाहिलं तर वीस. मला न विचारता बदललेली. कंपनीची किंमत आभाळाला भिडली होती. सर खूश होते. “बहुत बढ़िया. कुणाला काही विचारायचंय?”

गटप्रमुखानं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली : नको.

मी उभी राहिले. म्हणाले, “सर, कायम वीस टक्क्यांनी वाढली तर एक दिवस ही कंपनी देशापेक्षा मोठी होईल. आकडा चुकीचा आहे. मी याच गटात आहे.”