फोटोतल्या फोटोतले बाबा

आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ खाली आणि संसार वर. संसारापेक्षा ह्यांचा जीव स्टुडिओत जास्त, हे मी लग्न झाल्या झाल्याच ओळखलं. हेका एकच: हललेला, धूसर आलेला फोटो गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. "राहू द्या हो, चालेल," असं गिऱ्हाईक म्हणालं तरी हे तो टराटरा फाडणार आणि नवा काढणार, तोही फुकट. मी आपला कपाळाला हात लावायचा.

दुसरं खूळ म्हणजे, दरवर्षी फोटो काढायला येणाऱ्यांनी गेल्या वर्षीचा फोटो हातात धरून बसायचं. पोरं विचारायची, "कशाला?" की झाली ह्यांची कळी खुलायला सुरुवात. "हे बघ, तुझ्या हातात फोटो. त्या फोटोतही तू, आणि तुझ्या हातात त्याच्या आदल्या वर्षीचा फोटो. त्यातही तूच, आणखी लहान. असं आत आत जाताना चित्र बारीक होत जातं. शेवटी नुसता ठिपका. पण ठिपक्यातही तू असतेसच, आपली नजर पुरत नाही इतकंच." मग पोरं भिंग घेऊन स्वतःला शोधत बसायची आणि मागची गिऱ्हाइकं ताटकळायची.

समोरच्या गल्लीतली शिंपीण नवऱ्याला आणि लेकीला घेऊन दरवर्षी यायची. यंदा दोघीच आल्या. नवरा उन्हाळ्यात गेला.

लेक जुना फोटो छातीशी धरून स्टुलावर बसली. हे कॅमेऱ्यात बघतात तोच ती म्हणाली, "काका, आज बाबा एवढेसे येणार. पुढच्या वर्षी त्याहून लहान. मग ठिपकाच ना?"

हे कॅमेऱ्यामागून बाहेर आले. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"मोठे कसे येतील?" पोरीने विचारलं.

"फोटो कॅमेऱ्याजवळ आणायचा. जवळचं मोठं दिसतं."

तिचा हात पुरेना, म्हणून मीच फोटो घेऊन कॅमेऱ्यापुढे धरला. हे बराच वेळ खटपट करत राहिले. मग ओशाळून म्हणाले, "ते स्पष्ट आले तर मागे तुम्ही दोघी धूसर येता. तुम्ही स्पष्ट, तर ते धूसर. ह्या जुन्या कॅमेऱ्याला दोन्ही जमत नाही."

शिंपीण म्हणाली, "आमचं राहू द्या, भाऊ. आम्ही आहोत की इथे. त्यांना नीट येऊ द्या."

ह्यांनी बटण दाबलं.

फोटो धुऊन आला तेव्हा मी शेजारीच होते. बाबा हसताहेत, शर्टाची शिवणसुद्धा दिसते इतके स्वच्छ. मागे मायलेकी म्हणजे दोन पुसट आकार. कोपऱ्यात माझा अंगठा. सवयीने ह्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला, फाडताना धरतात तसा.

पण फाडला नाही. पाकिटात घातला आणि स्वतः गल्लीत जाऊन देऊन आले. परत आल्यावर मला म्हणाले, "पुढच्या वर्षी अंगठा जरा बाजूला घे."