लोखंडी दारावर थापलेला फेस

भूमजवळच्या वाशीची मंडळी मला बघायला आली, त्या सकाळीच भूमच्या माझ्या जुन्या कॉलेजात व्याख्यान देऊन मी घरी परतले होते. पिशवीत एक बाटली उरली होती, पातळ ताकासारख्या पाण्याची. त्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, इतके बारीक कण होते की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. माझी पीएचडी त्यांच्यावरच चालली होती.

मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं आले. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. पोहे झाले आणि मामांनी विचारलं, "तुमी नेमकं करता काय?"

"फेसावर काम करते."

माझ्या आईनं स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. अणुबिणूचं काही काढू नकोस, माणसं बिचकतात, असं तिनं बजावलं होतं. पण मामा म्हणाले, "कसला फेस?" मग मला राहवेना.

मी सांगितलं, अणुभट्टी बंद केली तरी तिच्या टाक्यांना आतून किरणोत्सर्गी थर चिकटून राहतो. पाण्यानं धुवावं तर ते सगळं पाणीच घातक होतं आणि वर्षानुवर्षं सांभाळत बसावं लागतं. फेसात मात्र बहुतेक हवाच असते, पाणी थोडंसं. म्हणून थर विरघळवणारं औषध फेसात घालून टाकीला आतून फवारायचं. अडचण एवढीच की औषधानं काम करायच्या आत फेस गळून पडतो. हे कण बुडबुड्यांच्या मधल्या पाण्याची वाट अडवतात. पाणी सावकाश निथळतं आणि फेस जागेवर टिकतो.

मग मुलाची आई म्हणाली, "दाव की मग. नुसतं ऐकून काय कळंना."

"अहो, आता कुठं..." माझी आई म्हणतेय तोवर माझे वडील, आप्पा, ताकाची रवी घेऊन आलेसुद्धा.

"ह्यात अणूचं काय न्हाय ना?" मामांनी खुर्ची मागं सरकवली.

"न्हाय मामा. वाळू, साबण आणि लिंबाचं सत्त्व."

दोन पातेल्यांत साबणाचं पाणी आणि लिंबाचं सत्त्व घेतलं. एकात बाटलीतलं पाणी ओतलं. ते पातेलं मी घुसळलं. दुसरं मुलानं न विचारता पुढ्यात ओढलं आणि असं घुसळलं की चष्म्यावर फेस उडाला. माझी आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मागच्या अंगणातल्या गंजलेल्या लोखंडी दारावर आम्ही दोन्ही फेस शेजारी शेजारी थापले.

साधा फेस बघता बघता घसरला. दुसरा बसून राहिला.

"पडंल आता," मामा म्हणाले.

"न्हाय पडत," त्यांची बहीण ठासून म्हणाली.

भिंतीवरून शेजारणी डोकावल्या. आईनं चहा अंगणातच आणला आणि तीही बसली. चहा संपला, गप्पा रंगल्या, तरी फेस जागचा हलला नाही. शेवटी मी फडक्यानं तो पुसला. फडकं तांबूस झालं आणि दारावर तेवढ्याच जागी करडं लोखंड दिसायला लागलं. आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगा मात्र दाराजवळच उभा होता. म्हणाला, "इथं फडकं चाललं. पण टाकीत माणूस जाणार नाही. एवढा टिकणारा फेस मग मोडायचा कसा?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! "त्याच्यावरच तर माझं गेलं सगळं वर्ष गेलं," मी म्हणाले आणि सांगत सुटले. तो मधेच अडवून विचारायचा. मामांनी गाडी सुरू करून हॉर्न वाजवला, तरी आमचं संपेना.

लग्नानंतर आम्ही सोनारीला भैरवनाथाच्या पाया पडायला निघालो. एसटीत पुढच्या बाकावर सासूबाई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "आमची सून अणुभट्ट्या धुती."

"अगं बाई! हातानं?"

"हातानं कशाला? फेस लावून ठिवायचा, दम धरायचा."

नवऱ्यानं हसू दाबत खिडकीकडं तोंड फिरवलं. मला ते दाबणं जमलं नाही. कंडक्टरनंही वळून बघितलं.