डिस्कवरचं कुंकू

जनार्दन पाटील गेल्याचा फोन त्याच्या बायकोने, मीनावहिनींनी केला, तेव्हा मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात सर्व्हरच्या खोलीत उभी होते. सर्व्हरच्या चालू कपाटातली एक डिस्क ओढून हातात घेतलेली, समोर मालक घाबरलेले... आणि वहिनींचा अगदी शांत आवाज. "सकाळी चहा मागितला गं त्यांनी, आणि मी घेऊन येते तोवर..." मी डिस्क आत सरकवली आणि तिथल्याच खुर्चीवर बसून रडले. डिस्क अशी उपसून दाखवायची खोड मला त्यानेच लावली होती.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी मिळून ठाण्यात कंपन्यांना सर्व्हर बसवून द्यायचा धंदा काढला. तो माजिवड्याचा, आगरी घरातला, वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. मी डोंबिवलीची. मी प्रोग्राम लिहायचे, तो यंत्रं बसवायचा. तोवर कारखान्यांतली माहिती फ्लॉपीत बसून या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. आम्ही एक लोखंडी कपाट ठेवायचो, त्यात एकाखाली एक डिस्का, आणि साऱ्या टेबलांवरचे संगणक केबलने त्याला जोडलेले. एक डिस्क बिघडली तरी उरलेल्या मिळून तिच्यातलं सगळं पुन्हा उभं करतात, हे गिऱ्हाइकाला काही केल्या पटायचं नाही. मी फळ्यावर आकृत्या काढून घसा कोरडा करायचे. जनार्दन सरळ म्हणायचा, "शेठ, आवडेल ती एक ओढा." शेठच्या कपाळावर घाम. डिस्क बाहेर यायची, कपाट पीं पीं ओरडायचं, आणि पडद्यावरचं बिल मात्र जिथल्या तिथे. "आमच्या मिठागरात एका वाफ्याचा बांध फुटला, तर आख्खं आगर वाहून जात नाय," तो हसून सांगायचा. मला तो नुसता भाव खाण्याचा प्रकार वाटे, पण कामं त्यामुळेच मिळत हेही खरं.

असंच एक कपाट आम्ही डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात बसवलं होतं. दसऱ्याची सुट्टी संपून कारखाना उघडला आणि सर्व्हर सुरूच होईना. रंगांची सगळी मिश्रणं, दिवाळीआधी पाठवायच्या मालाच्या ऑर्डरी, सगळं त्यात. टेपवर काढलेली प्रत होती, पण ती गणपतीच्या आधीची. पडद्यावर कपाट विचारत होतं, सगळं पुसून नव्याने मांडू का? मी घायकुतीला आलेले. जनार्दनने माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "घाई नको करूस, अगं. हे बघ." प्रत्येक डिस्कच्या मुठीवर कुंकवाचं बोट होतं.

पूजेसाठी कुणीतरी डिस्का बाहेर काढल्या होत्या आणि परत लावताना त्यांचा क्रम चुकला होता. मालकांनी सगळ्यांना उभं केलं. "कोणी हात लावला ते सांगा. तो आजच्या आज गेटबाहेर." स्टोअर सांभाळणारे गावडेकाका सर्वांत मागे, भिंतीला टेकून. निवृत्तीला आलेला माणूस, चेहरा पांढराफटक पडलेला. माझ्या लक्षात आलं, आणि मी तोंड उघडणार तोच जनार्दन म्हणाला, "काका, चला, चहा घेऊया." मीही मागोमाग गेले.

टपरीवर त्याने विचारलं, "काका, पूजा छान केलीत. कुंकू कसं लावलंत?"

"वजनकाट्याची केली, मोटारीची केली. मग ह्यानंच काय घोडं मारलंय, साहेब?" काकांचे डोळे भरून आले. "वरून एकेक काढली, तशीच पाटावर मांडली, त्याच ओळीने बोट लावत गेलो. परत ठेवताना कळेना, सगळ्या सारख्याच दिसतात."

"आणि बोट कितीदा बुडवलंत?"

"एकदाच. कुंकू कशाला वाया घालवायचं?"

जनार्दन चहा अर्धा टाकून उठला आणि कपाटापाशी येऊन सगळ्या डिस्का बाहेर काढल्या. एका डिस्कवरचं कुंकू दाट, ओघळ आलेलं. दुसऱ्या एकीवर जेमतेम पुसट डाग. त्याने त्या जमिनीवर ओळीने मांडल्या, गडद ते फिकट, आणि त्याच क्रमाने वरून खाली कपाटात बसवल्या. बटण दाबलं. हिरवे दिवे लागले, आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"नाव सांगा आता," मालक म्हणाले.

"माझंच. डिस्कांवर नंबर घालायचे राहिले माझ्याकडून," जनार्दन म्हणाला. काकांची नोकरी वाचली. पुढच्या दसऱ्याला त्यांनी आम्हा दोघांना पूजेला बोलावलं, आणि जनार्दनच्या हातात कुंकवाची वाटी दिली.

तेव्हापासून प्रत्येक नव्या कपाटावर तो नंबर तर घालायचाच, पण एकदाच बोट बुडवून कुंकूही लावायचा. मी चिडवायचे, "भटजी, झाली का प्रतिष्ठापना?" तो म्हणायचा, "नंबरची चिकटपट्टी निघते गं."

परवा वहिनींनी त्याची हत्यारांची पिशवी माझ्याकडे पाठवली. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि तळाशी पितळी करंडा. आतल्या कुंकवात बोट टेकवल्याचा खळगा... मी कितीतरी वेळ त्याला हात लावला नाही.

मग घोडबंदर रोडचं ते राहिलेलं काम पुरं करायला गेले. या वेळी डिस्क मालकांनाच ओढायला लावली. शेवटी त्याच खळग्यात, पाण्याने भिजवलेलं बोट एकदाच बुडवलं आणि वरून खाली लावत आले. शेवटच्या डिस्कवर जेमतेम उमटलं.

पण उमटलं.