मास्तरांनी ठेवलेलं कुलूप

मास्तर प्रोग्राम लिहिण्यापेक्षा खोडण्यात जास्त रमत. ते सिहोऱ्याचे. आधी शाळेत गणित शिकवायचे. ऐंशी सालानंतर भंडाऱ्यात आमच्या छोट्या कॉम्प्युटर कारखान्यात आले. मी आंबागडचा, रेडिओ दुरुस्त करता करता कुणाच्या मदतीशिवाय इथवर पोचलेला. त्यामुळे स्वतःची एकेक ओळ मला प्यारी होती.

एका यंत्रावर चार पडदे चालवायचे होते. कोणत्या कामाची पाळी कधी, हे ठरवणारा प्रोग्रामचा भाग माझा. दोन कामांनी पाळीच्या यादीला एकदम हात घालू नये म्हणून मी त्यात सात कुलपं, म्हणजे एकाचं होईस्तोवर दुसऱ्याला थांबवणाऱ्या ओळी, घातली होती. लावायची एकीकडे, काढायची भलतीकडे. यंत्र भातगिरणीत दाखवायला नेलं तेव्हा दोन कामं एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत बसली आणि चारही पडदे थिजले. गिरणीमालक म्हणाले, सोमवारी पुन्हा अडलं तर यंत्र परत न्या. आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कारखानाच बंद पडला असता.

मास्तरांनी माझ्या प्रोग्रामचे छापील कागद पसरले. प्रत्येक कुलपाशी एकच प्रश्न: "हे कायले लावलं?" कारण सांगता आलं तर शेजारी पेन्सिलीनं लिहायचे, नाहीतर काट. मी आवाज चढवला, चार तरी ठेवा म्हणालो. मग तीनवर आलो.

"तू त बाजारात वांगे घेऊन राहिला," ते म्हणाले.

गावी त्यांच्या शेताला तलावाच्या पाण्याची पाळी असे. त्यांचं सगळं शहाणपण तिथलंच. "ज्यानं बांध फोडला त्यानंच बुजवावा, बाबू. दुसऱ्याच्या भरोशावर पाणी सोडू नोको."

शेवटी दोन कुलपं उरली. एक सगळ्या यादीला, लावणं-काढणं एकाच जागी. दुसरं मी भांडून मिळवलेलं. सोमवारी यंत्र दिवसभर अडलं नाही. मालकांनी मास्तरांना शाल दिली, मला चहा. तो चहा मी अजून विसरलेलो नाही.

दोन वर्षांनी मास्तर शेतीकडे परतले. जाताना ते कागद मला देऊन गेले. माझ्या कुलपाचं पान तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. कुलूप लावून पुढच्याच ओळीत काढलं होतं; मध्ये राखायला काहीच नव्हतं. शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "कारण: बाबू भांडते."

मी ते कुलूप खोडलं नाही. कारण लिहिलेलं होतं.