आठवं बूच

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. मांजर आडवं गेलं की सोसायटीतल्या बायका थबकतात, मी तशीच पुढे जाते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणूनच वाचायचे... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय. हसा खुशाल.

आम्ही नेरूळला राहतो. आमचे हे जहाजावर इंजिनीअर होते. रिटायर झाल्यावर लोक बागेत चकरा मारतात, ह्यांनी चाळीस वर्षांची जुनी शिडाची होडी विकत घेतली! बत्तीस फुटी, फायबरची, नाव 'चिमणी'. करावे गावाच्या पलीकडे खाडीकाठी होड्या दुरुस्तीचं एक छोटं यार्ड आहे, तिथे ती टेकूंवर उभी होती. ह्यांचं स्वप्न काय, तर तिला ठाकठीक करून कोचीला जायचं, तिथून लक्षद्वीप. तेही दोघांनीच. मी कोरेगावची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर नाहीतर कॅनॉल, आणि मला पोहता येत नाही. मी स्पष्ट सांगितलं, "काय हौस करायची ती करा. पण पहिल्या दिवशी आत पाणी आलं, तर होडी विकायची. शब्द द्या."

ह्यांनी दिला.

दोन वर्षं काम चाललं. डोलकाठीच्या तारा बदलल्या, वायरिंग नवीन केलं, सगळे पाइप काढून नवे घातले. मीही हळूहळू अडकले. गाद्यांच्या खोळी, शिडाची ठिगळं, सगळं माझ्या मशिनवर झालं. कुणी विचारलं की "ह्यांचं खूळ आहे" म्हणायचे, पण खरं सांगू? मजा येत होती.

होडीच्या तळाला भोकं असतात, हे मला तिथेच कळलं. अहो, मुद्दाम पाडलेली! सिंकचं पाणी बाहेर सोडायला, इंजिन थंड ठेवायला, संडासासाठी. प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह. आणि व्हॉल्व्ह तुटलाच तर ठोकायला प्रत्येकाशेजारी एक लाकडी बूच दोरीने बांधून ठेवायचं. आमच्या होडीला अशी भोकं सात. बुचं केली हिराजीदादांनी. करावे गावचे सुतार, जीभ फटकळ पण हात सोन्याचा.

त्यांनी पिशवी आणून दिली. मी सवयीने मोजली. आठ.

"दादा, एक जास्त दिलंत."

"वैनी, मी सातच केलीत. परत्येकाच्या डोक्यावर माजी खाच हाय, बगा. याच्यावर हाय का? ह्यो माजा नाय."

खरंच खाच नव्हती. इतरांपेक्षा थोडं बारीकही होतं. असेल कुठलं तरी जुनं, म्हणून मी ते घरी नेलं आणि बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून फटीत खुपसलं.

दोन दिवसांनी यार्डात गेले, तर तेच बूच होडीच्या पुढच्या केबिनमध्ये, डाव्या बाकाखालच्या कप्प्यात! घरी आले तर दार धाडधाड आपटतंय. मी ह्यांच्यावर घसरले. "तुझी शपथ, मी हात लावलेला नाही," हे म्हणाले. मग मी ते घरी आणून गोदरेजच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. चौथ्या दिवशी पुन्हा डाव्या बाकाखाली. कपाट बंद, आत बूच नाही.

"अगं, वय झालं आपलं," हे हसायला लागले.

"तुमचं झालं असेल!" असा राग आला ना... बुचाला म्हटलं, राहा बाबा, तुला इथेच राहायचंय तर राहा.

डिसेंबरात होडी पाण्यात उतरवली. सकाळची भरती धरून निघालो — हे, मी आणि सुकाणूवर हिराजीदादा. नव्या सागरी पुलाखालून बाहेर पडलो, इंजिन बंद केलं, शिडं भरली आणि 'चिमणी' डाव्या अंगावर कलून जी सुटली! हे लहान मुलासारखे ओरडत होते. मीसुद्धा ओरडले, कबूल करते.

मग मी भाकरीचा डबा आणायला खाली उतरले, तर पाय घोट्यापर्यंत पाण्यात. बोटाने चाखलं. खारट!

हे धावत आले. सातही व्हॉल्व्ह तपासले, सगळे कोरडे. पंप चालू, तरी पाणी चढतंय. माझे पाय आपोआप पुढच्या केबिनकडे वळले. डाव्या बाकावरची गादी फेकली, कप्पा उघडला. बूच तिथेच होतं, आणि मागच्या फळीआडून पाण्याचा आवाज येत होता. डब्याबरोबर आणलेलं उलथणं घालून फळी उचकटली. मागे दोन बोटं जातील एवढं भोक, आणि त्यातून पाण्याची जाड धार. आधीच्या कुणा मालकाने जुनं यंत्र काढून त्याचं भोक नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं होतं, वरून रंग मारला होता. ती लांबी निघाली होती.

मी बूच लावलं. तंतोतंत बसलं. ह्यांनी हातोडीने दोन ठोके घातले, धार थांबली.

कुठलं बूच बसलं ते ऐकून वरून हिराजीदादा ओरडले, "वैनी, मी म्हन्लं नव्हतं का, ह्यो माजा नाय!"

आम्ही परत फिरलो. किनारा जवळ आल्यावर हे म्हणाले, "शब्द दिला होता. पाणी आलं. उद्यापासून गिऱ्हाईक बघतो." आणि तोंड फिरवलं. सदतीस वर्षांच्या संसारात ह्यांना रडताना मी दोनदाच पाहिलंय, त्यातलं हे एक. मला भडभडून आलं.

"अहो," मी म्हटलं, "विकायची नाही."

नंतर आम्ही खूप डोकं खाजवलं. हे म्हणतात, हिराजीदादा मोजायला चुकले असतील. बरं, चुकले. पण जे भोक आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याच्या मापाचं बूच कसं काय तयार होतं? आणि कुलपातून जातं कुठून? गणित सुटेपर्यंत मी उठत नसे कधी, पण ह्याच्यापुढे हात टेकले. एवढंच कळतं, की ते बूच ज्याने कुणी ठेवलं त्याला आम्ही सुखरूप घरी यायला हवे होतो. मग कोचीला जायला काय हरकत आहे?

महिना झाला, मी पोहण्याचा क्लास लावलाय. सकाळी सातची, पन्नाशीपुढच्या बायकांची बॅच. काल पहिल्यांदा कठडा सोडला.